नातीला छातीशी राहू द्या, अक्का

खानापूर तालुक्यातल्या एका आजीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

«बाई, नमस्कार. सुनेला दिवस भरायला महिनाभर बाकी असतानाच बेळगावात सिझर झालं. नात झाली, 1 किलो 900 ग्रॅमची. तिसऱ्या दिवशी अंग पिवळं दिसाय लागलं म्हणून दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवलं. मधे मधे तिथली सिस्टर बाळाचं झबलं काढून, नुसती टोपी आणि लंगोट ठेवून, सुनेच्या उघड्या छातीवर बांधायची. घरी सोडताना पण सांगितलं, असंच करत राहा. मी म्हटलं, बाळंतिणीच्या अंगात उष्णता असते, ती लागून कावीळ वाढंल. तिला टाके आहेत. सोयर पण फिटलेलं नाही. माझ्या तिन्ही पोरांना मी सकाळचं कोवळं ऊन दाखवलं, सगळी बरी झाली. गावातला एकजण काविळीची माळ देतोय, ती आणून ठेवलीया. सून माझ्याशी नीट बोलेना झालीय, मुलगा तिची बाजू घ्यायलाय. मला काय नातीचं वाईट व्हावं असं वाटंल? आज नववा दिवस. डोळ्यांत अजून पिवळं दिसतंय. खरं काय ते सांगा.»

अक्का, तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, कारण काविळीच्या पत्राला सदराची वाट बघत ठेवता येत नाही. बाळाला दारात उजेडाला धरून कपाळ, छाती, पोट, मांडी, तळपाय असं एकेका जागी बोटानं हलकं दाबून बघा म्हटलं, तर तुम्ही फोन कानाला लावूनच सगळं बघून सांगितलंत. तळहात-तळपाय पिवळे नाहीत, दिवसात सात-आठ लंगोट ओले होतात, शी पिवळी आहे, दूध ओढते. ते ऐकून माझा जीव खाली पडला. तरी पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नका, हे तेव्हाही सांगितलं आणि आत्ताही पहिल्यांदा तेच सांगते. लाइट बंद केल्यावर कावीळ पुन्हा थोडी वर येऊ शकते. दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळात तर जास्तच. आणि नुसत्या डोळ्यांनी बघून किती आहे ते मलाही 27 वर्षं वॉर्डात काढून ठरवता यायचं नाही. ते रक्तातच बघावं लागतं.

आता तुमचा खरा प्रश्न. आईच्या अंगाच्या उष्णतेनं कावीळ वाढत नाही. ती वाढते कशानं, हे कळलं की ती सिस्टर काय करत होती तेही कळेल.

पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी फार असतात. आपल्या पेशी साधारण 120 दिवस टिकतात, बाळाच्या 80-90 दिवसांतच मोडतात. मोडल्या की त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. पोटात होतं तोवर ते वारेतून आईकडे जायचं आणि आईचं लिव्हर निस्तरायचं. नाळ कापली की ते काम एकदम बाळाच्या लिव्हरवर येतं, आणि ते लिव्हर अजून कच्चं असतं. म्हणून दिवस भरलेल्या दहातल्या सहा बाळांना आणि आधी आलेल्या दहातल्या आठ बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. तुमच्या नातीची ही वाट अगदी नेहमीची आहे. लिव्हरनं निस्तरलेलं द्रव्य आतड्यात उतरतं आणि शीतून बाहेर जातं. पण शी झालीच नाही, पहिली काळी शी आतच राहिली, तर त्यातलं बरंच आतड्यातून परत रक्तात शोषलं जातं. म्हणजे बाळ जितकं दूध पिईल तितकी शी, आणि जितकी शी तितकं पिवळं बाहेर.

आणि दूध पिणं, अक्का, तिथंच तर 1 किलो 900 ग्रॅमचं बाळ अडतं. ही बाळं झोपाळू असतात. दोन घोट ओढले की थकून डोळे मिटतात. त्यात अंग गार पडलं की सगळी ताकद ऊब धरायलाच जाते, ओढायला उरत नाही. दूध कमी, शी कमी, कावीळ वर, कावीळ वर गेली की बाळ आणखी सुस्त. मी हे चक्र वॉर्डात किती वेळा बघितलं आहे. आईच्या उघड्या छातीवर ठेवलेलं बाळ गार पडत नाही, त्याच्या श्वासाची आणि ठोक्यांची लय स्थिर होते, नाकाशी दुधाचा वास असतो म्हणून ते मधेच जागं होऊन तोंड मारतं, आणि बाळ अंगाशी असलं की आईलाही पान्हा सुटतो. दिवसाला आठ ते बारा वेळा पाजायचं म्हणजे नुसतं घड्याळ लावून होत नाही. बाळ तिथंच असलं की होतं.

पण जे खरं नाही ते मी सांगणार नाही. छातीशी धरल्यानं पिवळं द्रव्य थेट कमी होत नाही. ते काम लाइटचं. लाइटवर असलेल्या बाळांना मधल्या वेळेत आईच्या छातीवर ठेवलं तर लाइट कमी तास पुरला, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. ते लहान अभ्यास आहेत, तरी वॉर्डात मी बघितलं त्याच्याशी जुळतात. लाइट सांगितलेला असताना «आम्ही घरी नेऊन छातीशी धरतो» म्हणून बाळ उचलून आणलं तर ते घातक. आणि कावीळ फार वर असेल, रक्त बदलायची वेळ जवळ आली असेल, तर बाळाला लाइटखालून काढायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतात. तुमच्या नातीच्या बाबतीत त्या सिस्टरनं दोन्ही केलं: लाइट दिला आणि मधे आई दिली. फार चांगलं काम केलं तिनं.

उन्हाचं बोलू. तुमचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही, आणि याची गोष्ट मला सांगायलाच हवी. इंग्लंडात एसेक्स परगण्यात रॉचफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या दवाखान्यात सिस्टर जीन वॉर्ड म्हणून होत्या. चांगलं ऊन पडलं की त्या आधी जन्मलेल्या बाळांना गाड्यांवर घालून अंगणात न्यायच्या. 1956 साली एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं: अंग फिकं, पण एका तुकड्यावर गर्द पिवळं. डॉक्टरांना वाटलं, अंगाला काही लावलंय. तर जेवढ्या जागेवर दुपट्याचा कोपरा होता तेवढीच पिवळी राहिली होती, ऊन लागलेली बाकीची कावीळ उतरली होती. मग खिडकीत उन्हाला राहिलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिनही घटलेलं सापडलं. डॉक्टर रिचर्ड क्रेमर आणि सोबत्यांनी यावर काम करून 1958 मध्ये ते छापलं, आणि तिथून ही लाइटची पद्धत निघाली. म्हणजे एका सिस्टरच्या नजरेनं.

मग उन्हातच का ठेवू नये? कारण त्या उन्हातला कामाचा भाग निळा-हिरवा प्रकाश आहे. दवाखान्यातला लाइट तेवढाच नेमका देतो, सगळ्या अंगाला, तासन् तास, मोजून. त्यानं पिवळ्या द्रव्याचं रूप बदलतं आणि ते लिव्हरवर फार भार न टाकता पित्तातून, लघवीतून निघून जातं. उन्हात तेवढा प्रकाश मिळवायचा तर बाळाला तासन् तास उघडं ठेवावं लागेल. सकाळच्या गार वाऱ्यात ते गारठेल, नाहीतर चढत्या उन्हात पोळेल. आणि अक्का, आत्ता आषाढ आहे. तुमच्या खानापूरच्या पावसात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, दुपटी शेगडीवर धरून वाळवावी लागतात. ढगांतून दहा मिनिटं ऊन आलं म्हणून दोन किलोच्या बाळाला ओट्यावर उघडं करायचं, हे मला मुळीच पटत नाही. तुमची तिन्ही पोरं दिवस भरून आली होती, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. त्यांची कावीळ आपसूक उतरायची होतीच, तेवढ्यात ऊनही दाखवलं गेलं. ही नात वेगळी आहे. हिला तो उशीर झेपणार नाही.

छातीशी बांधायची ही पद्धतही कुठल्या श्रीमंतीतून आलेली नाही. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात 1978 मध्ये डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांच्या दवाखान्यात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, एकाचा संसर्ग दुसऱ्याला. त्यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधली. कांगारूच्या पिशवीतल्या पिलासारखी, म्हणून कांगारू केअर. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या आणि आधी जन्मलेल्या प्रत्येक बाळासाठी हे सांगते, शक्य तितक्या लवकर सुरू करून दिवसाला आठ ते चोवीस तास. आपल्या देशातही 2014 पासून याच्या सरकारी मार्गदर्शक सूचना आहेत. तेव्हा ते बेळगावच्या त्या सिस्टरच्या मनचं नव्हतं.

मी स्वतः हे उशिरा शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका दवाखान्यात, आम्ही लाइटवरची बाळं आईकडे देतच नव्हतो. तीन तासांनी वाटी-चमच्यानं दूध घालायचं, पुन्हा लाइटखाली. एक बाळंतीण रोज काचेबाहेर भिंतीला टेकून उभी असायची. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, «सिस्टर, दूध आटलं बघा.» मी तिला मेथी खा म्हटलं. बाळ आत होतं, आई बाहेर होती, आणि मी मेथी सांगितली. ते बाळ बरं होऊन गेलं, पण पावडरच्या दुधावर गेलं. त्या बाईचा काचेवरचा हात मला अजून दिसतो. म्हणून तुम्ही सुनेला अडवलंत हे वाचून माझ्या पोटात कसंतरी झालं. रागानं नाही, त्या आठवणीनं.

आता कसं करायचं ते. सुनेला टाके आहेत म्हणून सपाट झोपवू नका आणि ताठही बसवू नका. पाठीशी दोन-तीन उशा लावून अर्धवट रेललेली असू दे, गुडघ्याखाली एक गुंडाळी. पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा गाऊन. बाळाला टोपडं, पायमोजे, लंगोट, बाकी काही नाही. दोन्ही स्तनांच्या मधे उभं, पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागाला लागेल असं. पाय बेडकासारखे दुमडलेले, हात वर. त्यानं टाक्यांवर भार येत नाही, बाळ वरच राहतं. मान एका बाजूला आणि हनुवटी किंचित वर, म्हणजे नाक मोकळं. हे मी मुद्दाम दोनदा सांगते: नाक-तोंड आणि गालाचा रंग सुनेला सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीत खुपसलेली चालणार नाही. मऊ जुन्या लुगड्याचा पट्टा कानाच्या खालून घेऊन बांधा, छातीवर घट्ट, बाळाच्या पोटावर सैल, म्हणजे श्वासाला जागा राहते. वरून शाल. एका वेळी निदान तासभर तरी ठेवा. दहा मिनिटांनी काढलं, पुन्हा घातलं असं केल्यानं बाळ उलट दमतं. सून झोपेला आली तर कुणीतरी जागं जवळ असावं. बाळ अडीच किलोचं होईपर्यंत हे चालू ठेवायचं. एक दिवस नातच हातपाय झाडून बाहेर यायला बघेल, तेव्हा समजा तिला आता नको आहे.

तोवर रोजची आंघोळ आणि चोळणं बंद. मला माहीत आहे, न्हाऊ घालणारी बाई ठरवलेली असेल, बोलावलीही असेल. तिला सांगा, महिनाभरानं ये. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं पुसलं की पुरे. धुरी तर नकोच. खोलीत शेगडी असेल तर धूर बाहेर गेला पाहिजे. बाळगुटी, मध, ग्लुकोजचं पाणी काही नको: पाण्यानं पोट भरतं, दूध कमी जातं, आणि बिलिरुबिन पाण्यानं निघत नाही. सुनेच्या ताटातली हळद, तूप, डाळ काढू नका. पिवळं खाल्लं म्हणून दुधातून पिवळं जात नाही. तिला भरपूर जेवू घाला.

एक लहान गोष्ट, पण माझ्या मनात नेहमी येते. तुमच्याकडे पोरांच्या वेळची कुंची, झबली, दुपटी ट्रंकेत असतील आणि ट्रंकेत डांबरगोळ्या असतील. काही बाळांना जन्मतः एक दोष असतो, जी सिक्स पी डी नावाचा, त्यांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वासानंच भराभर मोडतात आणि कावीळ एकदम चढते. कुणाला हा दोष आहे ते अंगावर लिहिलेलं नसतं. ते कपडे आत्ता वापरू नका, नवी मऊ साडी फाडा.

माळेबद्दल तुम्ही फोनवर विचारायचं टाळलंत, म्हणून इथं सांगते. माळ लांब झाली की कावीळ उतरली असं समजतात. पण त्या माळेतल्या काड्या वाळतात, दोरा सैल पडतो, म्हणून माळ लांब होते. खुंटीला टांगली तरी लांब होते. नवजात बाळाची बरीचशी कावीळ एक-दोन आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळे यश माळेला मिळतं. देणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण माळ उतरायची वाट बघत तीन दिवस गेले आणि पिवळं द्रव्य मेंदूत उतरलं, तर बाळ कायमचं बहिरं होतं, हातपाय वाकडे होतात. ते परत फिरत नाही. आणि एवढ्या लहान गळ्यात दोरा नकोच. नाकात किंवा तोंडात घालायचं कसलंही औषध, डाग देणं, यातलं काही कुणी सुचवलं तर तुम्ही आजी म्हणून त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. हे तुम्हीच करू शकता, सून नाही करू शकणार.

सोयराबद्दल मी वाद घालत नाही. एवढंच म्हणते की आईनं बाळाला जवळ घेण्याला सोयर कधीच आड आलेलं नाही. ते बाहेरच्यांसाठी होतं, आणि त्याचा उपयोग आत्ता करून घ्या. बारशाला गाव बोलवू नका. बारावा दिवस आला की घरातल्या घरात कानात नाव सांगा, गोडधोड करा, पाळणा नंतर म्हणू. चाळीस माणसांच्या मांडीवरून हे बाळ फिरवू नका.

बेळगावला लगेच धावायचं कधी, ते पाठ असू द्या. तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ उठवून उठेना, दूध ओढेना, चिरका-किंचाळी रडू लागलं, पाठीची कमान करू लागलं, अंग तापलं किंवा छातीशी धरूनही गार राहिलं, दिवसात सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले: यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो, पाऊस असो, 108 ला फोन करायचा. पहिल्या वर्षात आजारी बाळाचं सरकारी दवाखान्यातलं उपचार आणि गाडी दोन्ही फुकट आहे, पैशासाठी सकाळची वाट बघायची नाही. आणि तीन आठवडे उलटूनही पिवळं राहिलं, किंवा कधीही शी पांढरट मातीसारखी आणि लघवी लंगोटाला डाग पडेल इतकी गडद झाली, तर ते वेगळं दुखणं असू शकतं. पित्ताची वाट बंद असेल तर ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांत झालेलं चांगलं, म्हणून त्यातही दिवस मोजायचे.

घरी सोडताना दिलेला कागद कन्नडात आहे, कुणाला नीट वाचता येत नाही, असं तुम्ही म्हणालात. आपल्या भागात हे घरोघरी आहे. त्यात «कामाले» लिहिलं असेल तर ती कावीळच. आशाताई 14 व्या, 21 व्या, 28 व्या आणि 42 व्या दिवशी यायला हव्यात. चौदाव्याला आल्या की तो कागद आणि थायी कार्ड, म्हणजे बाळंतिणीचं सरकारी कार्ड, पुढं ठेवून ओळ न् ओळ वाचून घ्या, तारखा कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा. बाळाचं वजन आणि ताप त्यांच्याकडून बघून घ्या. नाही आल्या तर निरोप पाठवा.

आणि तुमचं भांडण. सुनेला जवळ बसवून «माझं चुकलं» म्हणा असं मी सांगत नाही, तुम्ही काळजीपोटीच बोललात. पण दिवसाला आठ-दहा तास बाळ छातीवर बांधून बसणाऱ्या बाईला ताट कोण वाढणार, पाणी कोण देणार, दारात आलेल्या शेजारणीला «आत्ता नको» कोण म्हणणार? सिझरच्या नवव्या दिवशी ती हे एकटीनं करू शकत नाही. आणि ती आंघोळीला गेली, दोन तास झोपली, तेव्हा बाळ खाटेवर का ठेवायचं? फोन ठेवताना तुम्ही हळूच विचारलंत, «मी घेतलं तर चालंल काय?» चालेल, अक्का. खोकला, ताप, अंगावर पुरळ काही नसेल तर आजीची छातीही तितकीच उबदार असते. मुलाचीही. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, गळ्यातली बोरमाळ, मणी काढून ठेवा, बाळाच्या गालाला रुततात. सुरुवातीला सुनेलाच बांधून द्यायला सांगा, तिला ते दवाखान्यात शिकवलं आहे. तपासणीला जाताना बाळ तिच्या छातीशीच बांधून न्या, वरून शाल घ्या, आणि पावसाचे दिवस आहेत, पिशवीत कोरडं टोपडं जास्तीचं ठेवा.